घरच्यांसाठी बाजूला काढलेले अंजीर

जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी माझा डबा उचलला आणि त्या आत निघून गेल्या. मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी चुकलं. मला नेहमी तसंच वाटतं. कुणी नुसती भुवई उचलली तरी आधी माफी मागते, कारण काय ते मागाहून कळतं. मी खरकटा हात तसाच घेऊन त्यांच्या मागं गेले.

आमच्या लॅबमध्ये एक काळी पेटी आहे. आत जांभळा दिवा, वर डोळे लावून बघायला खाच. मॅडमनी डब्यातले अंजिराचे तुकडे काचेच्या बशीत पसरले, बशी पेटीत सरकवली, दिवा लावला आणि मला म्हणाल्या, "बघ."

मी वाकून पाहिलं. आत काळोख होता आणि काळोखात माझ्या डब्यातले तुकडे पेटले होते. सगळे नाही. बरेचसे ढेकळासारखे गप्प पडलेले, पण मधूनमधून काही हिरवट-पिवळे चमकत होते, काजव्यासारखे. त्या पेटीत मी शेंगदाणे बघितले होते, मका बघितला होता. तो लोकांचा माल. कुठल्यातरी गोदामातून आलेला, कुणाचा ते मला माहीत नसलेला. हे तुकडे सकाळी माझ्या लेकराच्या तोंडात होते.

चमकलं म्हणजे बुरशीचा संशय, हे मला ठाऊक होतं, तरी मी विचारलं, "मॅडम, हे काय?"

"कोण खातं हे?"

मी सांगितलं. माझं लेकरू खातं. मी खाते. आणि आक्कांची लेक खाते, बाळंतपणाला माहेरी आलीय, सातवा लागलाय.

मॅडमनी दिवा बंद केला. पेटी काळी झाली, पण मला ते तुकडे अजून दिसतच होते.

आक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. मी हिंगोलीकडची. आमच्या गावात शाळा आठवीपर्यंत, पुढची दुसऱ्या गावाला, आणि पोरीला एकटीला तिकडं धाडायची पद्धत नव्हती, म्हणून माझी शाळा तिथंच संपली. लग्न झालं, आमचे हे चाकणला कंपनीत लागलेले, म्हणून कुरुळीत आलो. आक्कांच्या जुन्या घराच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे, त्यातली शेवटची आमची. आक्का इथल्याच, पिढ्यान् पिढ्या. त्यांच्या शेताच्या जागी आता गाड्यांचे सुटे भाग तयार होतात. शेत गेलं तरी एक म्हैस त्यांनी ठेवली आहे. गोठ्यातून आवाज आला नाही तर सकाळ झाल्यासारखी वाटत नाही म्हणतात.

माझ्या बाळंतपणात माझ्या आईला यायला जमलं नाही. ती स्वतःच अंथरुणाला खिळलेली होती. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा मला लेकराला कसं धरायचं तेही माहीत नव्हतं. आक्का आल्या, पदर खोचला आणि पाटावर बसून लेकराला पायावर घेतलं. मला तेल लावलं, शेगडीनं शेक दिला, डिंकाचे लाडू केले. आपल्या लेकीचं करावं तसं केलं. मी रडले की म्हणायच्या, "रड, पण आधी खा." नंतर मी कामाला जायला लागले तेव्हा लेकरू त्यांच्याचकडं राहायला लागलं. मला या गावात माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि ते आक्का.

काम लागलं त्याची गंमत आहे. भोसरीत एका गेटवर पाटी होती, भांडी धुवायला बाई पाहिजे. मला वाटलं कॅन्टीन असेल. पहिल्या दिवशी घरून तारेची घासणी आणि राखेची पुडी घेऊन गेले. तिथं नमुने गोळा करून आणणारा एक चाचा होता, पांढऱ्या दाढीचा, पूर्वी सुक्यामेव्याच्या दुकानात कामाला असलेला. त्यानं माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "बेटा, या घासणीनं इथली भांडी घासलीस तर पगार तुला नाही, तूच मालकाला देशील." भांडी काचेची होती. केसासारख्या बारीक रेघा आखलेल्या नळ्या, लांब मानेचे चंबू. ती आधी ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवायची, मग धुवायची. का, ते मॅडमनी सांगितलं. भांड्याला जे चिकटलेलं असतं ते डोळ्यांना दिसत नाही, साबणानं हटत नाही, ब्लीचनं मरतं.

हळूहळू त्यांनी मला नमुने वाटायला दिले. पुडीत जे काही आलं असेल ते सगळं मोठ्या मिक्सरमध्ये घालून पाण्याबरोबर लगदा होईपर्यंत फिरवायचं. मला ती नासाडी वाटायची. एवढे चांगले मनुके, एवढे अंजीर, तपासायला चार पुरले असते. तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या की बुरशीचं विष मालात मिठासारखं सारखं पसरलेलं नसतं. अख्ख्या पेटीत एखाद्याच अंजिराच्या पोटात असतं आणि त्या एकट्यात एवढं असतं की सगळी पेटी बाद व्हावी. तो एक हाताला लागला नाही तर माल चांगला, लागला तर खराब. म्हणून सगळं एकत्र वाटायचं. ते मी ऐकलं होतं आणि लक्षातही ठेवलं होतं. ते आपल्या घरालाही लागू पडतं हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

आक्का अंजीर रोल करतात. अंजीर, खारीक, अक्रोड एकत्र वाटून, वळी करून, खसखशीत घोळवून तिच्या चकत्या कापायच्या. आळीतल्या दोघी-तिघी मदतीला येतात. पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये या चकत्यांना चांगली मागणी आहे, तिथले लोक साखर खात नाहीत म्हणे. मार्केटमधून अंजिरांची पेटी आली की ओसरीवर धुतलेलं जुनं लुगडं अंथरायचं आणि सगळ्यांनी निवडायला बसायचं. आक्कांचा डोळा तिखट. अंजीर चिमटीत दाबतात, वास घेतात, अंगठ्यानं उलटा करतात. अंजिरांचे तीन ढीग होतात. मऊ, सोनेरी, ते विकायचे. काळपट, चिरलेले, जरासे आंबूस, ते घरच्यांचे. त्यांचे तुकडे करून उन्हात एकदा दाखवून डब्यात भरायचे. आणि आतून अगदीच काळी पूड झालेले, ते पाटीत. निवडताना एखादीनं मधल्या ढिगातला एखादा चुकून पहिल्यात टाकला तर आक्का तो उचलून परत टाकायच्या. "इकायचं ते निवडून द्यावं," म्हणायच्या. "आपल्याला काय, तुकडाबी गोडच लागतो."

मला ते फार आवडायचं. आमच्याकडंही तसंच असतं. पाहुण्याला अख्खी भाकरी, घरच्यांना मोडकी. आणि विकायचे अंजीर मोजून असतात, घरचे मूठ भरून. आक्का माझ्या लेकराच्या हातावर रोज एक मूठ ठेवायच्या. ताई, म्हणजे त्यांची लेक, माहेरी आल्यापासून तिला वाटीभर, वर म्हशीचं गरम दूध. पोटुशीच्या अंगात रक्त भरतं म्हणून.

मग एका दुकानदारानं आक्कांना सांगितलं की आता नुसतं घरगुती म्हणून चालायचं नाही, बुरशीची तपासणी करून आणा. आक्का घाबरल्या. मी म्हटलं, आमच्याच इथं होते की. मला इतकं बरं वाटलं. ज्या बाईनं माझं सगळं केलं तिच्यासाठी मला एकदाच काहीतरी करता येणार होतं. रोलचा नमुना चाचानं रीतीप्रमाणे आणला, मी वाटला, मॅडमनी तपासला, आणि तो स्वच्छ निघाला. आक्कांनी तो कागद देवापुढं ठेवला. दुसऱ्या दिवशी मी कामाला निघाले तेव्हा त्यांनी दोन डबे दिले. एक मोठा, मॅडमसाठी, खसखशीच्या चकत्यांचा. एक लहान, माझ्यासाठी, तुकड्यांचा. "तुझ्यामुळं झालं गं पोरी," म्हणाल्या आणि लहान डबा झाकण लागेना इतका भरला.

जेवणाच्या सुट्टीत मी दोन्ही डबे उघडले. मॅडमनी एक चकती तोंडाशी नेली आणि माझ्या डब्याकडं बघून थांबल्या.

"मला हे, आणि तुला ते का?"

मी मोठ्या अभिमानानं तीन ढिगांची गोष्ट सांगितली. आक्का किती निवडतात, किती इमानदार बाई आहे, खराब म्हणून एक अंजीर गिऱ्हाइकाला जाऊ देत नाही. मी बोलत होते आणि मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत होतं. त्यांनी चकती खाली ठेवली. माझा डबा उचलला. पुढचं मी सांगितलंच आहे.

काळी पेटी नुसता इशारा देते, म्हणाल्या, ते चमकणं म्हणजे पुरावा नाही. मोजावं लागेल. यंत्रावर नाहीतरी दुपारी एक चाचणी लावायची होती, त्यात हा नमुनाही जाईल. "वाट तू," म्हणाल्या. बहुतेक माझ्या हाताला काम असावं म्हणून.

मी हातमोजे घातले. रोजच घालते, पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हे कशासाठी घालतात. मास्क नीट नाकावर ओढला. सकाळी याच तुकड्यांमधले चार मी उघड्या हातानं लेकराला दिले होते. मिक्सर फिरला, तुकड्यांचा तपकिरी लगदा झाला. वास गोडच होता. अगदी आक्कांच्या ओसरीचा वास.

मॅडमनी लगदा तोलून घेतला, त्यात मिथेनॉल ओतलं आणि बाटली हलवायच्या यंत्रावर ठेवली. ती इकडून तिकडं डुचमळत राहिली. फळातलं विष त्या पाण्यात उतरावं म्हणून. मग घडी घातलेल्या कागदातून गाळलं. चहासारखं पाणी खाली आलं. मग करंगळीएवढी एक नळी असते, तिच्यातून ते पाणी थेंबथेंब सोडायचं. साखर, रंग, सगळं वाहून जातं आणि फक्त ते विष आत अडकून बसतं. शेवटी ते सोडवून एका इवल्याशा बाटलीत घ्यायचं. एवढ्या सगळ्या अंजिरांचं शेवटी पाण्यासारखं, स्वच्छ, काहीच न दिसणारं थोडंसं उरलं. मी ती बाटली उजेडात धरून बघितली. काही नव्हतं. मला खोटी आशा वाटली.

चाचाला कळलं तेव्हा तो खुर्ची ओढून बसला. "मी पण खाल्लेत तुझ्या डब्यातले," म्हणाला. "आता मलाही त्या मिक्सरात घाला." कुणी हसलं नाही. मग तोच म्हणाला, "दुकानात आम्ही पण असेच करायचो बेटा. फुटका माल घरी. बायको खूश व्हायची."

यंत्राच्या पडद्यावर एक रेघ चालत असते. काही नसलं की सरळ चालते, काही असलं की डोंगर करते. आक्कांच्या रोलची रेघ मी पाहिली होती, शेतातल्या बांधासारखी सपाट. आता मी मॅडमच्या खुर्चीमागं उभी होते. रेघ चालत आली, चालत आली आणि एकदम वर गेली. वर जाऊन थांबली नाही. पडद्याच्या बाहेर निघून गेली.

मॅडम म्हणाल्या, हे मोजता येत नाही, पट्टीच्या पलीकडं आहे. त्यांनी बाटलीतलं घेऊन त्यात पुष्कळ पाणी घातलं आणि पुन्हा लावलं. एवढं पातळ केल्यावर ते मोजमापात आलं. आकडा त्यांनी मला सांगितला, त्याचा मला अर्थ लागला नाही. एवढंच कळलं की कायद्यानं जेवढं चालतं त्याच्या कितीतरी पट आहे.

मी विचारत सुटले. धुतलं तर जातं का. उकळलं तर. उन्हात वाळवलं तर. प्रत्येक वेळी त्या मान हलवत होत्या. मग मी विचारलं, लेकराला काय होईल? त्या म्हणाल्या, हे यकृतावर जातं. एकदा-दोनदा खाल्ल्यानं माणूस पडत नाही, रोज रोज खाल्ल्यानं हळूहळू काम करतं, लहान मुलांना आणि पोटातल्या बाळाला जास्त जपायचं. नक्की काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. "आजपासून बंद. आजपासून म्हणजे आतापासून. आणि डॉक्टरला दाखवा, रक्त तपासा, काय खाल्लं ते सांगा."

मला समजत नव्हतं ते एकच. निवडणारी बाई चांगली, निवडलेला माल चांगला, रिपोर्ट चांगला. ज्यांनी पैसे देऊन घेतलं ती सगळी घरं सुखरूप. आणि एवढं निवडून-निवडून खराब तेवढं एका डब्यात गोळा झालं आणि तो डबा ताईच्या उशाशी होता.

त्या संध्याकाळी भोसरीहून मोशीपर्यंत बसमध्ये बसायला जागा होती तरी मी उभी राहिले. फोन करावा तर ताई घाबरेल. न करावा तर ती तेवढ्यात खाईल. शेवटी केला. आक्कांनी उचलला. मी म्हटलं, ताईला आज अंजीर देऊ नका, मी येऊन सांगते. त्या म्हणाल्या, बरं. का ते विचारलं नाही. मागून माझ्या लेकराचा हसायचा आवाज आला. मोशीला शेअर रिक्षात चौथी बसले आणि कुरुळी फाट्यावर उतरून पळतच गेले.

आक्का ओसरीवर होत्या. ताई भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली, हातात दुधाची वाटी. माझं लेकरू तिच्या पोटाला कान लावून बाळ काय बोलतं ते ऐकत होतं. मी चपला न काढता उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटेत मी हळू सांगायचं ठरवलं होतं, शब्द जुळवले होते. त्यातला एकही आला नाही.

आक्कांनी आधी मला निरखून बघितलं, ताप आलाय का असं.

"पर तूच म्हणालीस न्हवं, रिपोट चांगला हाय."

"तो विकायच्या रोलचा, आक्का. हे घरचं."

"एकाच पेटीतलं हाय की गं ते."

"हो. पण खराब सगळं आपण घरच्या ढिगात टाकतो."

त्यांना राग आला. तो यायलाच पाहिजे होता. आमी कवाधरनं खातुय, म्हणाल्या, आमच्या सासूनं खाल्लं, कुणाला काय झालं? तुझं पोरगं कुणाच्या हातचं खाऊन एवढं झालं? यंत्राला काय कळतंय गोड का कडू? त्या बोलत होत्या आणि मी मान खाली घालून ऐकत होते. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि डबा हिसकावून घ्यावासाही वाटत होता. डबा ताईच्या शेजारीच होता. मी वाकून तो उचलला. आक्कांच्या घरातली वस्तू न विचारता उचलायची माझी ती पहिलीच वेळ.

ताईचा एक हात पोटावर, नजर आईवर.

"आई," ती हळूच म्हणाली, "एवढे चांगले निवडायचीस. त्यातला एक मला का नाही दिलास कधी?"

आक्कांचा हात गुडघ्यावर तसाच राहिला. लेकरू माझ्याकडं यायला लागलं तर ताईनं त्याला जवळ ओढून धरलं.

मग आक्का उठल्या. माझ्या हातातून डबा घेतला, आतमध्ये बघितलं. "एवढं समदं टाकायचं," पुटपुटल्या आणि गोठ्याकडं वळल्या. "म्हशीला तरी घालते."

मी म्हटलं, "नको आक्का. मॅडम म्हणतात, जनावरानं खाल्लं की ते दुधात उतरतं."

त्या पाठमोऱ्याच थांबल्या. वळल्या नाहीत.

"पर काळं अंजीर तर पयल्यापासनं तिलाच जातंय," म्हणाल्या. "पाटी कुणाची हाय ती?"

मला पाटी माहीत होती. तिसरा ढीग. रोज डोळ्यांसमोर होती. ती कुणाला जाते हे मी कधी मनावर घेतलं नव्हतं. दुपारी मॅडमना तीन ढिगांची गोष्ट एवढी रंगवून सांगितली, तीतही पाटीत टाकतात इथंच मी थांबले होते. माझी नजर ताईच्या हातातल्या वाटीवर गेली. ताईनंही वाटीकडं बघितलं. निम्मी प्यायलेली होती. तिनं ती खाली ठेवली, अगदी हळू, सांडू नये म्हणून आणि हात पदराला पुसला. माझं लेकरू त्याच म्हशीच्या दुधावर वाढलं होतं. आक्का रोज म्हणायच्या, पिशवीचं नको, घरचं दे, घरच्यात काय खोट नसती.

आक्का पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. नुसतं "इख," म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं पुन्हा, "माझ्या हातनं इख." मी शेजारी बसले. त्यांनी माझं बाळंतपण केलं तेव्हा मी रडले की त्या मला खायला सांगायच्या. मला त्यांना काही सांगता येईना. नुसती पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी ताईला आणि लेकराला डॉक्टरकडं नेलं, दोघांचं रक्त तपासलं. रक्तात काही वेगळं आलं नाही. सोनोग्राफीत बाळ हलत होतं. डॉक्टरांनी डबा बंद केल्याचं चांगलं केलं म्हटलं, आणि पुढचं बघत राहायचं म्हटलं. बघत राहायचं म्हणजे किती दिवस, हे विचारायला कुणाचं तोंड उघडलं नाही.

मी बाटलीत दूध घेऊन गेले. दुधातही सापडलं, मर्यादेच्या जरासं वर. मॅडम म्हणाल्या, पाटी बंद करा, काही दिवसांत दूध आपोआप स्वच्छ होईल. आक्कांनी ते तुकडे, ती पूड, सगळं खड्डा काढून त्यावर चुना टाकून पुरलं. मिक्सरची भांडी मी आमच्या लॅबसारखी ब्लीचच्या पाण्यात भिजवली. आक्का जवळ उभ्या राहून बघत होत्या. एवढे दिवस स्वयंपाकघरातलं मला त्या शिकवायच्या. त्यांना मी काही दाखवतेय याची मला लाज वाटत होती. त्यांना वाटत नव्हती. पुन्हा दूध नेलं तेव्हा यंत्राची रेघ सरळ चालत गेली. मी मॅडमच्या खुर्चीमागं उभी राहून रडले आणि चाचा म्हणाला, "बेटा, आज चहा म्हशीचाच."

आक्कांनी रोल मात्र थांबवले. दुकानदाराचा फोन येतो, माल चांगला होता, का बंद केला म्हणून विचारतो. त्याला काय सांगणार. त्याचा माल चांगलाच होता.

ताईला मुलगी झाली. दिवस पुरे भरून झाली, जन्मल्या जन्मल्या घसा फाटेपर्यंत रडली. ओसरीवर तेच जुनं लुगडं घडी घालून दुपट्याखाली घातलं होतं. बारशाला आक्कांनी माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण आणि वर पाच अंजीर. ओटीतला जिन्नस तपासून बघणं म्हणजे भरणारीचा अपमान. मी पदर सावरून नमस्कार केला आणि मगच माझं लक्ष गेलं. पाचही अंजीर मधून चिरलेले होते. अंगठ्यानं उघडून, आत बघून, पुन्हा दाबून बंद केलेले. मऊ, सोनेरी, पहिल्या ढिगातले.

आक्कांनी बाळ माझ्या मांडीवर दिलं. ते झोपेत होतं, मग जागं झालं आणि डोळे उघडून माझ्याकडं बघायला लागलं. मी त्याचा चेहरा उजेडाकडं जरासा वळवला. माझ्या लेकराचंही मी रोज सकाळी तेच करते. चूळ भरायला लावायच्या आधी खालची पापणी ओढून डोळ्यांचा पांढरा भाग बघते, कुठं पिवळेपणा आलाय का. कुणाला कळू नये म्हणून मी बाळाला हसवायचं निमित्त केलं होतं.

आक्का माझ्या खांद्यावरून वाकल्या.

"पांढरं हायती," म्हणाल्या. "म्याबी रोज बघते."